आईच्या दोन खऱ्या सह्या

बुधवार, ६ फेब्रुवारी २०४७. सकाळचे सव्वानऊ. हेळवडी ग्रामपंचायतीच्या पडद्यावर दोन पत्रं शेजारी शेजारी उघडी होती. दोन्हींवर तेजलच्या आईची सही होती. दोन्ही सह्यांपुढे हिरवी खूण होती, म्हणजे दोन्ही खऱ्या. आणि त्यातलं दुसरं पत्र आईने त्या सकाळपर्यंत एकदाही पाहिलेलं नव्हतं.

तेजल खोराटे बारा वर्षांची, सातवीत शिकणारी. शाळा अकराची असल्यामुळे ती आईबरोबर पंचायतीत आली होती. तिने दोन्ही पत्रं वाचली. सहा कलमं अक्षरन् अक्षर सारखी. सातवं वेगळं.

पहिल्या पत्रात, ४ जानेवारीच्या, लिहिलं होतं: ‘हेळवडी गाव हे बियाणं पूर्वीप्रमाणे इतर गावांना देऊ शकेल.’

दुसऱ्यात, २१ जानेवारीच्या, लिहिलं होतं: ‘हेळवडी गाव हे बियाणं पंचवीस वर्षं नभांकुर कंपनीखेरीज कोणालाही देणार नाही.’

बियाणं होतं काळ्या नाचणीचं. हेळवडी हे भुदरगड तालुक्यातलं, डोंगरउतारावरचं साडेचारशे घरांचं गाव. तिथल्या बायकांनी चार पिढ्या निवडून निवडून हा वाण जपला होता. पाणी कमी मिळालं तरी तो तग धरतो, उजेड कमी मिळाला तरी कणसं भरतो. चंद्रावर उभारलेल्या हरितगृहासाठी (बाहेरची हवा आत येऊ न देणारं, पिकं वाढवण्याचं बंद घर) देशातल्या सव्वीस वाणांची चाचणी झाली होती. तिथली रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी लांब. त्या काळात लावायच्या दिव्यांच्या मंद उजेडात हेळवडीची नाचणी पहिली आली. बियाणं पाकिटांत भरून यानापर्यंत पोचवण्याचं काम नभांकुर कंपनीकडे होतं, आणि त्यासाठी गावाची लेखी संमती लागत होती. ती देण्याचा अधिकार जैवविविधता समितीला (गावातल्या बियाण्यांची, झाडांची आणि प्राण्यांची नोंद ठेवून त्यांची काळजी घेणारी समिती) होता. समितीची अध्यक्ष होती तेजलची आई, रोहिणी खोराटे.

दर वर्षी मे महिन्यात आसपासच्या अकरा गावांतल्या बायका हेळवडीला येत. काळ्या नाचणीची एक ओंजळ न्यायची आणि आपल्याकडच्या कुठल्याही धान्याची एक ओंजळ ठेवायची, अशी रीत होती. त्या सकाळी शेजारच्या पाचवड्याहून फोन आला. तिथे नभांकुरची नोटीस लागली होती: हेळवडीचं बियाणं घेऊ नये.

“रोहिणी,” समितीच्या सर्वांत जुन्या सदस्य शालनकाकू दारातूनच म्हणाल्या, “पाचवड्याची माझी बहीण विचारतीया, तुमच्या अध्यक्षीणबाईंनी आमाला तोडलं का म्हणून. काय सांगू तिला?”

“सांगा की मी असलं काही लिहून दिलेलं नाही. ही सही खोटी आहे, काकू.”

“हिरवं दिसतंय की.”

“मग ते यंत्र बिघडलंय.”

“यंत्र ठीक आहे,” कोपऱ्यातून आवाज आला. तो दप्तरदारचा होता. पंचायतीचं सगळं लिखापढीचं काम करणारा हा यंत्रमानव तीन वर्षांपूर्वी गावात आला. कपाटाएवढा, दोन बारीक हात, डोक्याच्या जागी कॅमेरा. नाव दप्तरदार, पण अख्खा गाव त्याला दाजी म्हणे. “मी सकाळी स्वतःची तपासणी केली आहे. बिघाड नाही.”

“तुला कुणी विचारलं का, दाजी?” शालनकाकू म्हणाल्या.

“नाही. पण माझ्याविषयी चुकीची माहिती दिली जात होती.”

आईने हसायचं टाळलं. तिचा चेहरा उतरला होता. तेजलला कळत होतं की हा प्रश्न फक्त नाचणीचा नाही. मेपर्यंत हे मिटलं नाही, तर अकरा गावं आईला फितूर समजतील. आणि मग ती कितीही खरं बोलली तरी तिच्यापुढे एक हिरवी खूण उभी असेल.

“आजोबांना बोलावते,” तेजल म्हणाली.

आजोबा म्हणजे आईचे वडील, रामचंद्र सुतार. गणितज्ञ. डिजिटल सह्यांची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांवर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रक कार्यालयात ते दिल्लीला तीस वर्षं होते. निवृत्तीनंतर गावात येऊन ते पोरांना गणित आणि स्वतःला सुतारकाम शिकवत होते. गणित पोरांना बरं येऊ लागलं होतं.

ते आले तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर भुसा होता. त्यांनी दोन्ही पत्रं पाहिली, दोन्ही खुणा पाहिल्या आणि खुर्ची ओढली.

“दोन्ही सह्या खऱ्या आहेत,” ते म्हणाले.

“आबा, मी सांगतेय ना, दुसरी मी केलेली नाही.”

“तू केली नाहीस हेही खरं असेल. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेजू, आधी सही म्हणजे काय ते बघू. मग घोळ कुठे झाला ते आपोआप दिसेल.”

त्यांनी पडद्यावर एक वाक्य लिहिलं: ‘हेळवडीची नाचणी काळी आहे.’ मग एक बटण दाबलं. खाली अंकांची आणि अक्षरांची एक रांग उमटली. तेजलने मोजली, चौसष्ट चिन्हं.

“हा या वाक्याचा ठसा. याला हॅश म्हणतात (कोणत्याही मजकुरापासून गणिताने काढलेली, ठरावीक लांबीची खूण). वाक्य एक ओळीचं असो की हजार पानांचं पुस्तक, ठसा तेवढाच. आता तू यातलं काहीतरी बदल. अगदी बारीक.”

तेजलने शेवटचा पूर्णविराम खोडला. पुन्हा बटण दाबलं. चौसष्ट चिन्हांची अख्खी रांगच बदलून गेली. पहिल्या रांगेशी तिचं काही नातंच दिसेना.

“एक टिंब काढलं तर एवढं?”

“एवढं. आणि ठशावरून मजकूर उलटा काढता येत नाही. पिठावरून नाचणीचं कणीस परत करता येतं का? तसंच. म्हणून सही करताना यंत्र आधी पत्राचा ठसा काढतं आणि त्या ठशाला कुलूप लावतं.”

“कोणत्या किल्लीने?”

“हां. आता कागद-पेन्सिल घे. त्र्याऐंशी गुणिले सत्त्याण्णव किती?”

तेजलने अर्ध्या मिनिटात उत्तर काढलं. आठ हजार एक्कावन्न.

“आता समज, मी तुला फक्त आठ हजार एक्कावन्न सांगितलं असतं आणि म्हटलं असतं, कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार ते शोध. किती वेळ लागला असता?”

तेजलने तीनने भागून पाहिलं, सातने पाहिलं, अकराने, तेराने. तेवीसपर्यंत जाऊन तिने पेन्सिल खाली ठेवली.

“बराच.”

“एका बाजूने जाताना सोपं, परत येताना अवघड. अशा गणितावर किल्ल्यांची जोडी बनते. माझ्या तरुणपणी संख्या सहाशेहून जास्त आकडी असायच्या. पुढे क्वांटम संगणक आले (अणूंच्या गुणधर्मांवर चालणारे, काही गणितं अफाट वेगाने सोडवणारे संगणक), त्यांना असले गुणाकार उलगडायला सोपे जाऊ लागले. म्हणून ते गणित बदलून त्याहून अवघड घेतलं. पण तत्त्व तेच. जोडीतली एक किल्ली खाजगी. ती फक्त सही करणाऱ्याकडे. तिने ठशाला कुलूप लागतं. दुसरी सार्वजनिक. ती जगात कोणीही घ्यावी. तिने ते कुलूप उघडतं, पण लावता येत नाही.”

“मग तपासणारा काय करतो?”

“दोन कामं. पत्राचा स्वतः नवा ठसा काढतो. आणि सार्वजनिक किल्लीने सहीचं कुलूप उघडून आतला ठसा बघतो. दोन्ही जुळले तर हिरवी खूण. टिंब जरी बदललं असेल तर लाल.”

तेजलने थोडा विचार केला. “पण ही सार्वजनिक किल्ली आईचीच, हे कशावरून? मी नवी जोडी बनवली आणि वर आईचं नाव लिहिलं तर?”

आजोबांनी आईकडे पाहिलं. “बघ. मला हा प्रश्न पडायला कॉलेजात जावं लागलं होतं.” मग तेजलकडे वळले. “तिथे गणित संपतं आणि कायदा सुरू होतो. प्रमाणन संस्था असतात (माणसाची ओळख तपासून ‘ही किल्ली याच माणसाची’ असं प्रमाणपत्र देणाऱ्या). त्यांना परवाना लागतो. परवाना देणारा आणि त्यांची तपासणी करणारा नियंत्रक. मी त्याच तपासणीला जायचो. भिंत किती जाड, कुलपं किती, आत जाताना दोन माणसं लागतात की एकटा जाऊ शकतो. एका संस्थेत मी चार दिवस फक्त दारं मोजत बसलो होतो.”

“आणि मोजून काय झालं?” शालनकाकूंनी विचारलं.

“एक दार कमी निघालं. परवाना थांबवला.”

ते हे अगदी सहज म्हणाले, पण तेजलला दिसलं की सांगताना ते ताठ बसले होते.

“सतरा ऑक्टोबर २००० या दिवशी आपल्याकडे कायदा लागू झाला,” ते पुढे म्हणाले. “गावात तेव्हा एकही संगणक नव्हता. पण देशाने लिहून ठेवलं की नियमांप्रमाणे केलेली डिजिटल सही ही कागदावरच्या सहीइतकीच सही. तेव्हापासून दुरुस्त्या पुष्कळ झाल्या, पाया तोच आहे.”

“म्हणजे मी मेल्यावर शेत कुणाला, ते पण मी असंच लिहून ठेवू?”

“मृत्युपत्र तेवढं अजून कागदावरच, शालनताई. कायद्याने ते मुद्दाम बाहेर ठेवलंय.”

“बरं झालं. पोरं वाचून बसली असती.”

आजोबा पुन्हा पडद्याकडे वळले. “तर दुसऱ्या पत्राची सही हिरवी आहे. म्हणजे मजकूर नंतर बदललेला नाही. आणि कुलूप रोहिणीच्याच खाजगी किल्लीने लागलं आहे. आता एकच प्रश्न उरतो. रोहिणी, तुझी किल्ली कुठे असते?”

खाजगी किल्ली असते ती टोकनमध्ये, बोटभर लांबीच्या एका वस्तूत. ती यंत्राला लावायची, पिन (गुप्त आकडा) टाकायचा, मग सही होते.

दप्तरदारने खालचा खण उघडला आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. आत चौदा टोकनं होती. सरपंचांचं, ग्रामसेवकांचं, समित्यांच्या अध्यक्षांचं. प्रत्येकाभोवती चिकटपट्टी, पट्टीवर नाव, नावाखाली पेनाने लिहिलेला पिन.

“सगळ्यांचं इथंच असतं, आबा,” आई हळू म्हणाली. “दाजी यायच्या आधी ऑपरेटर होता, त्याच्याकडे असायचं. दिवसाला चाळीस कागद येतात. दाखले, नोंदी, पोचपावत्या. प्रत्येक वेळी कोण येणार शेतातून?”

आजोबांनी डबा उचलला नाही. नुसते पाहत राहिले.

“दाजी,” तेजलने विचारलं, “दुसऱ्या पत्रावर सही तू केलीस?”

“होय. २१ जानेवारी, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. मला २०४४ पासून सूचना आहे: नेहमीचे कागद असतील तर सही करून पाठवत जा.”

“हे नेहमीचं होतं?”

“सोबतच्या पत्रात तसं लिहिलं होतं.”

“तुला स्वतःची सही नाही का रे?”

“मला मोहोर आहे. ती फक्त ‘कागद मिळाला, नोंदवला’ एवढं सांगते. संमती माणसाची असते. म्हणून मी माणसाचं टोकन वापरलं.” कॅमेरा डब्याकडे वळला. “आता माझ्या लक्षात येतं आहे की ते वाक्य बरोबर आहे आणि कृती चूक.”

“किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवणं ही सही करणाऱ्याची जबाबदारी,” आजोबा म्हणाले. “हे कायद्यात पहिल्यापासून आहे. आणि ताबा सुटला असं कळलं, तर लगेच प्रमाणन संस्थेला कळवायचं, हेही. मी तीस वर्षं देशभर हेच सांगत फिरलो, रोहिणी.”

“आणि घरी सांगितलं नाहीत,” आई म्हणाली.

आजोबांनी मान हलवली. “नाही सांगितलं. मला वाटलं, माझ्या मुलीला काय सांगायचं.”

पहिलं काम त्यांनी तिथल्या तिथे केलं. दहा वाजून पाच मिनिटांनी आईने प्रमाणन संस्थेला कळवलं आणि तिचं प्रमाणपत्र रद्द झालं. रद्द प्रमाणपत्रांची यादी सर्वांना खुली असते. यापुढे त्या किल्लीने कोणी सही केली, तर तपासणाऱ्याला लाल खूण दिसणार होती. पण २१ जानेवारीची सही त्यामुळे पुसली जाणार नव्हती. रद्द करणं पुढे लागू होतं, मागे नाही.

“मग एकच कर,” शालनकाकू म्हणाल्या. “सांग की कुणीतरी चोरून शिरलं यंत्रात. हॅकर म्हणत्यात ना, तसलं. कोण बघायला आलंय? सुनावणीत म्हणायचं, ही सही माझी न्हवंच. सुटलो.”

२१ जानेवारीच्या पत्राला तीस दिवसांत हरकत घेता येत होती. जिल्ह्याच्या सुनावणी अधिकाऱ्यांपुढे ती घ्यायची होती.

“मी तसं सांगणार नाही,” दप्तरदार म्हणाला.

“तुला कुणी साक्षीला नेणार न्हाई, दाजी.”

आई त्या वाटेचा विचार करते आहे, हे तेजलला दिसत होतं. वाट सोपी होती आणि गावातल्या कोणीही तिला दोष दिला नसता.

“दाजी,” तेजल म्हणाली, “ते सोबतचं पत्र दाखव ना. ज्यात ‘नेहमीचं’ लिहिलं होतं.”

पडद्यावर चार ओळी आल्या: ‘सोबत सुधारित प्रत पाठवत आहोत. केवळ मांडणी दुरुस्त केली आहे. अटींमध्ये कोणताही बदल नाही. पुन्हा वाचण्याची आवश्यकता नाही, कृपया सही करून पाठवावी.’ खाली नाव: निखिल साबडे, करार विभागप्रमुख, नभांकुर.

“हे खोटं आहे,” तेजल म्हणाली. “सातवी अट बदललीय.” मग तिने विचारलं, “यावर त्यांची सही आहे का? तशी, कुलूपवाली?”

आजोबांनी खुर्ची पुढे घेतली. पत्र तपासायला टाकलं. ठसा निघाला, कुलूप उघडलं, दोन्ही जुळले. निखिल साबडे यांच्या नावापुढे हिरवी खूण उमटली.

“म्हणजे ते आता ‘आम्ही असं लिहिलंच नाही’ म्हणू शकत नाहीत,” तेजल सावकाश म्हणाली. “ज्या गणिताने आई अडकली, त्याच गणिताने तेही अडकले.”

“याला म्हणतात नाकबूल होता न येणं,” आजोबा म्हणाले. “सहीचा खरा उपयोग तोच. पण एक गोष्ट आहे, रोहिणी. तू जर उद्या म्हणालीस की हिरवी खूण असूनही माझी सही माझी नाही, हॅकरची आहे, तर साबडेही तेच म्हणतील. हिरव्या खुणेला अर्थच राहणार नाही. त्यांची सही त्यांच्या गळ्यात बांधायची असेल, तर आधी आपली सही आपल्या गळ्यात घालावी लागेल. चुकीसकट.”

“आणि ते म्हणाले की मग सातवी अटही तुम्हाला मान्य, तर?” आईने विचारलं.

“म्हणू शकतात. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. मी गणितज्ञ आहे, ज्योतिषी नाही.”

आईने डब्यातून स्वतःचं टोकन उचललं. रद्द झालेलं. तिने त्यावरची चिकटपट्टी नखाने सोलून काढली, चुरगळली आणि टाकून दिली. “शाळेला उशीर होईल तुला,” ती तेजलला म्हणाली. तिने काय ठरवलं ते सुनावणीपर्यंत कोणाला कळलं नाही.

समितीने ती संमती मागे घेऊन हरकत नोंदवली आणि सुनावणी मंगळवारी, १२ फेब्रुवारीला झाली. समाजमंदिरातल्या मोठ्या पडद्यावर सुनावणी अधिकारी शबाना कुरेशी दिसत होत्या आणि दुसऱ्या चौकटीत निखिल साबडे. खाली गाव बसलं होतं. पाचवड्याहूनही बारा-तेरा बायका आल्या होत्या. त्या मागे, दाराजवळ बसल्या, निघायची वेळ आलीच तर पटकन निघता यावं अशा.

साबडे आधी बोलले. पस्तिशीचा, नीटनेटका माणूस. “२१ जानेवारीच्या पत्रावर श्रीमती खोराटे यांची वैध डिजिटल सही आहे. त्या दिवशी प्रमाणपत्र चालू होतं. आम्हाला आणखी काही सांगायचं नाही.”

“श्रीमती खोराटे, ही सही तुम्हाला मान्य आहे?” कुरेशींनी विचारलं.

आई उभी राहिली. “मान्य आहे.”

मागून कुजबुज झाली. साबडेंनी कागदावरून नजर वर उचलली.

“सही माझ्या किल्लीची आहे,” आई म्हणाली. “ती किल्ली मी माझ्याकडे ठेवायला हवी होती. मी ती पंचायतीच्या डब्यात ठेवली, वर पिन लिहून. पत्र मी वाचलं नाही. यंत्रमानवाने मी दिलेल्या सूचनेप्रमाणे सही केली. दोष त्याचा नाही, यंत्रात कोणी शिरलेलंही नाही. चूक माझी आहे आणि या सगळ्यांसमोर मी ती सांगते आहे. आता माझी विनंती एवढीच आहे. मी जशी माझी सही मानली, तशी साबडे साहेबांनी त्यांची मानावी.”

दप्तरदारने चार ओळींचं पत्र पडद्यावर लावलं. कुरेशींनी स्वतः ते तपासलं. हिरवी खूण सगळ्या गावाने पाहिली.

साबडेंचा आवाज पहिल्यांदा अडखळला. “हे पत्र… आमच्याकडे पत्रव्यवहार सहायक प्रणाली करते. टोकन तिच्याकडेच असतं. दिवसाला शेकडो पत्रं जातात. मी प्रत्येक वाचू शकत नाही.”

“घ्या,” शालनकाकू शेजारणीला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा. “त्यांच्याकडं पण डबा हाय.”

हशा ओसरेपर्यंत कुरेशी थांबल्या. “साबडे, प्रश्न सरळ आहे. ही सही तुमची की नाही?”

साबडेंना नाही म्हणायची सोय समोरच्या बाईने आधीच बंद करून टाकली होती. आपली चूक उघड सांगून ती सहीमागे उभी राहिली होती, आणि तीनशे माणसं ते पाहत होती.

“माझी आहे,” ते म्हणाले.

निकाल त्याच दुपारी आला. कुरेशींनी तो वाचून दाखवला. दोन्ही सह्या वैध. परंतु अटींत बदल नाही असं खोटं सांगून घेतलेली संमती, ती देणाऱ्याला मागे घेता येते. समितीने ती मागे घेतली असल्याने २१ जानेवारीचं पत्र रद्द, ४ जानेवारीचं कायम. “पत्र वाचणं हे अध्यक्षांचं कर्तव्य होतं,” त्यांनी पुढे वाचलं, “पण वाचू नका असं ज्याने लिहून दिलं, त्याला ते का वाचलं नाही असं विचारता येणार नाही.” पाचवड्याची नोटीस दोन दिवसांत काढायची होती. किल्लीचा ताबा सोडल्याबद्दल समितीच्या अध्यक्षांना लेखी ताकीद होती. आणि डब्यातल्या टोकनांनी वर्षभरात झालेली प्रत्येक सही ज्याची त्याने वाचून तपासावी, असा हुकूम होता.

ताकीद आईने स्वतः पंचायतीच्या फळ्यावर लावली. ठळक अक्षरात, आपल्या नावासकट. कोणीतरी म्हणालं, जरा कोपऱ्यात लावली असती तरी चाललं असतं. “मधेच दिसू दे,” ती म्हणाली.

पाचवड्याची शालनकाकूंची बहीण फळ्यापुढे उभी राहून ती ताकीद शेवटपर्यंत वाचून गेली. जाताना तिने आईच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “मेमधे किती तारखेला यायचं?”

पुढचे आठ दिवस हेळवडीत एक नवलाचं दृश्य होतं. सरपंच, ग्रामसेवक, पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष, एकेक जण येई, डब्यातलं आपलं टोकन उचली आणि नवा पिन ठेवून ते बरोबर घेऊन जाई. मग वर्षभराचे कागद वाचत बसे. सरपंचांना दोन दाखले चुकीच्या नावाने गेलेले सापडले. त्यांनी ते स्वतः दुरुस्त करून घरपोच केले. पंचायतीचं काम हळू चालू लागलं. दिवसाला चाळीसऐवजी पंचवीस कागद निघू लागले, पण ते पंचवीस वाचलेले असत.

“वेग कमी झाला आहे,” दप्तरदारने आजोबांना सांगितलं.

“वाईट वाटतं?”

“नाही. चुका त्याहून जास्त कमी झाल्या आहेत. मी दोन्हींचा आलेख काढला आहे. पाहणार का?”

आजोबांनी तो खरोखरच पाहिला, आणि नियंत्रक कार्यालयातल्या आपल्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवलाही. खाली त्यांनी एकच ओळ लिहिली: ‘आमच्या गावाचा आहे.’

शुक्रवारी, १ मार्चला, चांद्र हरितगृहाचं शेवटचं संमतिपत्र आलं. यात नभांकुर नव्हती; बियाणं पोचवण्याचं तिचं काम ४ जानेवारीच्या संमतीवर झालं होतं. हरितगृहाला बियाणं पेरायची परवानगी थेट गावाकडून हवी होती. आईने पत्र दोनदा वाचलं. सातवं कलम मोठ्याने वाचलं. समितीच्या नऊही सदस्यांनी माना डोलावल्या. मग तिने पदरात बांधलेलं नवं टोकन सोडलं आणि यंत्राला लावलं.

“पिन टाकते,” ती म्हणाली.

तेजलने तोंड फिरवलं. शालनकाकू खिडकीतून बाहेर बघू लागल्या. आजोबांनी डोळे मिटले. दप्तरदारने आपला कॅमेरा भिंतीकडे वळवला आणि तसाच उभा राहिला.

“वळू का आता?” त्याने थोड्या वेळाने विचारलं.

“थांब,” आई म्हणाली. “शेवटचा आकडा राहिलाय.”

सही झाली. पत्र निघालं. प्रकाशाच्या वेगाने जाणारा संदेश चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो, परत यायला तेवढाच. मधला वेळ तपासणीचा. तेजल मनात मोजत होती. तिथल्या हरितगृहातल्या यंत्राने आईला कधी पाहिलं नव्हतं. त्याला हेळवडी कुठे आहे ते माहीत नव्हतं, मराठी तर नव्हतीच. त्याच्याकडे फक्त एक पत्र होतं, एक सार्वजनिक किल्ली होती, आणि तिच्यामागे प्रमाणन संस्था, संस्थेमागे नियंत्रक आणि नियंत्रकामागे एका देशाचा कायदा उभा होता.

सहाव्या सेकंदाला उत्तर आलं. दप्तरदारने ते वाचून दाखवलं.

“मजकूर अखंड. सही रोहिणी खोराटे, हेळवडी, यांचीच. पेरणी सुरू करत आहोत.”

शालनकाकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, “चंद्राला कळलं म्हणायचं आपलं नाव.”

“आईचं नाव,” तेजल म्हणाली.

“आपलंच,” आई म्हणाली, आणि टोकन पुन्हा पदराला बांधलं.